मी धुतलेलं मडकं

बेळगावच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आंबवलेल्या पेयातले लॅक्टिक आम्लाचे जिवाणू पोटाला मानवतात आणि बुरशीला जवळ फिरकू देत नाहीत, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. तरीही जी चूक कडोलीतली एकही बाई करणार नाही, ती मी केली.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, कडोलीला नाचणीची आंबील करतात. पीठ शिजवून निववायचं आणि मडक्यात तळाला राखलेल्या कालच्या आंबिलीवर ओतायचं. तेच तिचं विरजण. मडकं पुरतं रिकामं करायचं नाही, साबण तर लावायचाच नाही. लग्नात आईनं दिलेलं विरजण आत्तींनी चाळीस वर्षं असं चालवलं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या चार दिवस लेकीकडे निपाणीला गेल्या आणि मडकं माझ्यावर सोपवून गेल्या. आतला काळपट थर बघून मला शिसारी आली. शिकलेली सून ना मी! मडकं खसाखसा घासलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, उन्हात वाळवलं आणि ताजी आंबील करून ठेवली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर हिरवी बुरशी. मला रडूच कोसळलं.

आत्ती आल्यावर सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मडक्यात डोकावून एवढंच म्हणाल्या, "लई शिकलीस गं बाई." दुपारी जेवल्या नाहीत.

ऊन कलल्यावर त्यांनी तांब्या उचलला. "चल. दिवे लागल्यावर विरजण कोण देत न्हाय."

पूर्वी आमच्या शेतात भांगलायला येणाऱ्या एका बाईंच्या दारात आम्ही थांबलो. घर बौद्धांचं, आता दुमजली; लेक बेळगावात वकिली करते. त्या काळी बांधावर आत्ती यांच्या भांड्यात आंबील वरूनच ओतायच्या, भांड्याला भांडं लागू न देता. त्यातलीच थोडी राखून या बाईंनी आपलं मडकं लावलं होतं. हे आत्तींनीच मला एकदा सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता, वर न बघता.

"माझी आंबील गेली गं," आत्ती म्हणाल्या. "विरजणापुरती देतीस?"

"देतो की, आक्का. तुमचीच हाय."

"माझी कुठली? जपलीस तू."

बाईंनी तांब्या भरून आणला. आत्तींनी तो माझ्या हातात दिला, पण पाय काही हलेना. "मला प्यायला बी घाल वाईच. तुझ्या पेल्यातनं."

बाई दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "मग दारात का? आत या, बसून प्या."

आत्ती चपला काढून आत गेल्या. थोड्या वेळानं मी डोकावले, तर दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. चाळीस वर्षं दोघींनी एकच आंबील प्यायली होती, पण एकत्र बसून आज पहिल्यांदा. मडकं धुतल्याचं वाईट वाटून घ्यायचं मी तिथंच सोडून दिलं.