ठाकूरद्वारच्या तळ्यातली बुरशी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी म्युनिसिपालटीच्या मलेरिया खात्यात हंगामी कामगार होतो. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आम्ही परळच्या एका हौदात वाढवायचो आणि पत्र्याच्या डब्यांतून नेऊन गावभरच्या विहिरी, तळी, कारंजी यांत सोडायचो. राहायला नायगावच्या बी.डी.डी. चाळीत. आमची चाळ नुकतीच बौद्ध झाली होती आणि घरोघरच्या भिंतींवरच्या तसबिरी बदलल्या होत्या.

माझ्या वाट्याच्या जागांत ठाकूरद्वारची एक वाडी होती. मध्ये देऊळ, देवळापुढे दगडी पायऱ्यांचं चौकोनी तळं. त्यात गप्पी सोडण्याच्या कितीतरी आधीपासून हातभर लांबीचे रोहू आणि सोनेरी मासे होते. वाडीच्या मालकीणबाईंच्या यजमानांनी ते आणून सोडलेले. यजमान वारले तरी बाई रोज सकाळी तळ्याच्या काठी येऊन बसत. मी वरच्या पायरीवर उभा राहून डबा ओतायचो आणि निघायचो. खाली उतरू नका असं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. उतरा असंही कोणी म्हटलं नव्हतं.

थंडीत एके दिवशी खात्याच्या मुकादमांनी मला बोलावून एक अर्ज दाखवला. वाडीतल्या एका निवृत्त कारकुनाने लिहिला होता. म्युनिसिपालटीच्या माणसाने सोडलेल्या माशांमुळे तळ्यातल्या माशांना रोग झाला, अंगावर कापूस उगवून ते मरत आहेत, सबब चौकशी व्हावी. अक्षर फार सुंदर होतं.

हंगामी माणसाला अशा एका अर्जावर घरी बसवत. मी तसाच ठाकूरद्वारला गेलो.

तळ्यात दोन मासे पोट वर करून तरंगत होते. बाकीचे कोपऱ्यात गर्दी करून होते. कोणाच्या पाठीवर, कोणाच्या शेपटीशी पांढऱ्या कापसाचे पुंजके. मी बराच वेळ पाहत राहिलो. माझे गप्पी मात्र काठाने मजेत फिरत होते, एकाच्याही अंगावर काही नव्हतं. आणि कापूस होता तो फक्त खवले निघालेल्या जागी.

"तळं उपसलं होतं का?" मी पुजाऱ्यांना विचारलं.

"उत्सवाआधी साफ केलं की. मासे टोपल्यांत भरून विहिरीत बुडवून ठेवले होते दिवसभर."

परळला परतून मी मुकादमांना हे सांगितलं. ते मालवणकडचे, खात्यात केस पिकलेले. म्हणाले, "ही साथ नाय रे. टोपलीत घासान जखम झाली, जखमेर बुरशी इली. मिठाच्या पाण्यात धू तेंका. पण हात लावशीत तो ओलो करून लाव, नायतर आणखी खवले काढशीत."

मग त्यांनी मला बसवून सगळं नीट सांगितलं. बादलीला किती मीठ, मासा आत किती वेळ ठेवायचा, तो कलंडायला लागला की लगेच कसा काढायचा, जखमेवर विहिरीत टाकायचं जांभळं औषध किती पातळ करून लावायचं. अर्ज त्यांनी खणात ठेवला. "आठ दिवस ह्यो अर्ज माका सापडाक नाय," म्हणाले.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती मुलीला भरवत होती. ती म्हणाली, "उघड्या हातानं धरलं तर निसटणार. आणि जाळीनं पुन्हा ओरखडे येणार." तिने ट्रंकेतून जुनं मऊ लुगडं काढलं आणि वेताच्या कड्याला शिवून एक झोळी केली. वर मला बजावलं, "आधी तिथल्या मोठ्या बाईंशी बोला. कारकुनाशी वाद घालू नका."

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. बस नाही, ट्राम नाही, गिरण्यांचे भोंगे नाहीत. मी झोळी खांद्याला अडकवून, जांभळ्या औषधाची पुडी खिशात टाकून सकाळी चालत निघालो. लालबागला कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं उभी होती, भायखळ्याला पोलिसांनी दोनदा हटकलं. झोळी पाहून दुसऱ्या पोलिसाने विचारलं, "कुठे निघालास?"

"मासे धुवायला," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि सोडून दिलं.

वाडीत सगळे पुरुष घरी होते. पाहता पाहता तळ्याभोवती माणसं जमली. मी मालकीणबाईंना बुरशीचं कारण सांगितलं, गप्पी दाखवले, उपाय सांगितला. निवृत्त कारकून मध्येच म्हणाले, "तळ्याचं पाणी देवाच्या पूजेला जातं. काय करायचं ते वरून सांगा, आमचा गडी उतरेल."

त्यांना माझी वस्ती ठाऊक होती. जमलेल्या सगळ्यांनाच ठाऊक होती. माझे कान तापले. पण बायकोचे शब्द आठवून मी बाईंकडेच पाहत म्हणालो, "बाई, धरणाऱ्याचा हात चुकला म्हणून तर हा रोग आला. मी उतरलो तर मीच जबाबदार. दुसरा उतरला तर मी जबाबदारी घेणार नाही."

बाई पुजाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "पूजेला नळाचं पाणी घ्या." आणि मला म्हणाल्या, "तुम्ही उतरा."

मी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पायऱ्या उतरलो. पाणी बर्फासारखं होतं. तळाशी उत्सवातली सडलेली फुलं आणि भिजून फुगलेले कुरमुरे पायाला लागत होते. घाण निघाल्याशिवाय मीठ फुकट जाईल, असं मी सांगितल्यावर दोन तरुण आपणहून धोतर खोचून आत आले. तासाभरात आम्ही पाच टोपल्या गाळ काढला.

मग खरी अडचण कळली. तांब्याच्या मोठ्या घंगाळात पाणी भरलं, पण प्रत्येक चार-पाच माशांनंतर ते बदलायचं म्हणजे खडेमीठ बरंच लागणार. आणि हरताळामुळे वाण्याचं दुकान बंद. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बाईंनी वर पाहून वाडीतल्या बायकांना हाक दिली, "घरात असेल तेवढं मीठ खाली आणा गं. आज सगळ्यांनी अळणी जेवायचं."

बायका आल्या. कोणी वाडगा आणला, कोणी बरणी, एकीने तर पापडांसाठी ठेवलेली मिठाची अख्खी थैली आणली. सगळ्यात शेवटी कारकून स्वतः पितळी डबा घेऊन आले आणि तो माझ्या हातात न देता घंगाळाशेजारी ठेवून गेले. मी तो उचलून ओतला.

हात ओले करून मी पहिला रोहू झोळीत घेतला. घंगाळात तो एकदा जोरात उसळला, मग संथ झाला. मी मोठ्याने आकडे मोजत होतो आणि थोड्या वेळाने काठावरचे लोकही माझ्याबरोबर मोजू लागले. तो कलंडताच उचलला, जखमेवर औषधाचा बोळा फिरवला, तळ्यात सोडला. तो तिरका बुडाला. मग त्याने शेपूट मारली आणि सरळ खोल गेला.

"दुसरा घ्या," बाई म्हणाल्या.

दुपार उलटेपर्यंत आम्ही सगळे आजारी मासे धुतले. पुढे आठवडाभर मी कामावरून सुटल्यावर जाऊन पुन्हा पुन्हा धूत होतो. पाच मासे हाती लागले तेव्हाच फार खंगले होते, ते गेले. पण बाकीच्यांचा कापूस आधी करडा पडला, मग गळून गेला आणि खाली गुलाबी कातडी दिसू लागली. महिन्याभरात त्यावर नवे बारीक खवले धरले. बाईंनी कुरमुरे टाकायला सगळ्यांना बंदी केली आणि तशी पाटी देवळाच्या खांबाला लावली.

मुकादमांनी खणातला अर्ज मात्र शेवटपर्यंत फाडला नाही. त्याची गरजच पडली नाही. कारकून एके सकाळी परळच्या कचेरीत आले आणि त्याच सुंदर अक्षरात दुसरा अर्ज देऊन गेले. पहिला अर्ज गैरसमजातून केला होता, संबंधित कामगाराने तळे वाचवले, असं त्यात होतं. मुकादमांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला आणि साहेबांकडे पाठवला. त्याच वर्षी मी कायम झालो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या वाडीच्या हौदात तोच रोग आला, तेव्हा त्यांनी थेट माझ्यासाठी माणूस पाठवला. मी पोचलो तर कारकून माझ्या आधीच तिथे हजर होते. जमलेल्या लोकांना ते समजावून सांगत होते, "साथबीथ काही नाही. खवले निघतात, जखमेवर बुरशी धरते. मीठ तयार ठेवा. आणि बाजूला व्हा, यांना उतरू द्या."

लोक बाजूला झाले. मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरलो.