भिवाकाकाची सीट

"नेट बंद कर," म्हणत भिवाकाकानं जीप आष्टीच्या मागं पडीक रानात घातली. मी मोबाईलचं नेट बंद केलं. थोड्या वेळात नकाशा कोराच झाला.

"बघ. ओमानच्या वाळवंटात असंच होईन. तिथं रस्ता विचारायला वस्ती बी न्हाई."

काका नवीन जालन्यात सोमेश्वर शेठची जीप चालवतो. शेठ अन् त्यांचे दोस्त ओमानला वाळूत गाड्या पळवायला चालले होते. काका म्हणला, मला बी नेणार हायत. त्यानं पासपोर्ट बी काढला. जन्मात कधी विमानात बसला न्हवता.

जीपीएसची मशीन अन् नकाशे त्यालाच निवडायचे होते. आम्ही तीन मशीनी फिरवून पाह्यल्या. एक उन्हात दिसंना. दुसरीनं पूल वाहून गेलेल्या ओढ्यावर नेलं. तिसरी नेटबिगर बी बराबर चालली, बैलगाडीची वाट सुद्धा दाखवली.

"हीच घ्या शेठ," काका म्हणला. "अन् कागदाचा नकाशा बी ठेवा. मशीनचा भरवसा न्हाई."

शेठ खूश झाले. "मंग आता तुला कशाला न्यायचं, भिवा? खर्चा वाचला."

मी शेठवर धावून गेल्तो. काकानंच मला मागं ओढलं. "गप बस, येड्या."

शेठ लोक मजेत फिरून आले. काकाचा पासपोर्ट अजून कोराच हाय.

परवा सुमेधाकाकू बोलली. चांगली मशीन भेटली न्हाई तरच वाट हुडकायला तुला नेईन, असं शेठनं काकाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.