पेंढ्याचा रिकामा रकाना

माझ्या धाकट्या दिराला घरात दशांशराव म्हणतात. नाव ठेवलं माझ्या नवऱ्याने. किती वाजले विचारलं तर सव्वानऊ हे उत्तर त्यांच्या तोंडून येणार नाही, नऊ सोळाच येणार. मी मात्र त्यांना भाऊजीच म्हणते. लग्न केलं नाही, आमच्याकडेच मागच्या खोलीत राहतात. गेली बावीस वर्षं एका सरकारी संस्थेत नोकरी करतात, आणि ते तिथे नेमकं काय करतात हे समजायला मला त्यांतली चार वर्षं लागली.

जमिनीतून उपसलेलं तेल आणि कोळसा काही जन्माला पुरणार नाही. तेव्हा उद्याचे कारखाने शेतातल्या नि रानातल्या मालावर चालवायचे, पेंढा, भुसा, पालापाचोळा यांतून इंधन, पिशव्या, रंग करायचे, असं ठरतंय. पण माल आहे किती, आणि त्यातला किती उचलला तर माती उपाशी राहणार नाही, हे आधी कळायला नको का? भाऊजी संगणकावर त्याचं मॉडेल मांडतात. एकदा मला समजावताना म्हणाले, वहिनी, घरात खाणारी तोंडं किती, आलंगेलं किती, हे धरून मगच तुम्ही शेजारणीला धान्य उसनं देता ना? मी तेच जिल्ह्याचं करतो.

एकदा ते डबा विसरले म्हणून मी त्यांच्या ऑफिसात गेले होते. दुसऱ्या मजल्यावर अरुंद खोली, भिंतीला लागून कागदी पिशव्यांच्या चळती, प्रत्येकीत मूठभर पेंढा आणि बाहेर गावाचं नाव. कोपऱ्यात लहानशी भट्टी. तिच्यात पेंढा दिवसभर सुकवायचा आणि वजन उतरायचं थांबलं की मगच लिहायचं. ओल्या पेंढ्यावर विश्वास ठेवायचा नसतो म्हणे, निम्मं पाणीच असतं. दर तासाला उठून पिशवी तोलणारा हा माणूस पाहून मला वाटलं, याच्या हातून चूक व्हायची नाही.

चूक झाली ती या काटेकोरपणातूनच.

त्यांच्या तक्त्यात गावागणिक चार रकाने असायचे. एकूण पेंढा किती, मातीसाठी किती सोडायचा, गुरांना किती, आणि चौथा, घरी नि लहान धंद्यांत किती लागतो. चारही भरले की मॉडेल शिल्लक सांगायचं. पहिले तीन कागदपत्रांवरून भरता येत. चौथ्यासाठी घरोघर जाऊन माहितीचे अर्ज भरून घ्यावे लागत, आणि नियम असा की तीस अर्ज झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. अर्धवट आकड्यापेक्षा कोरा रकाना बरा. हा नियम नोकरीच्या पहिल्या वर्षी भाऊजींनीच घालून दिला होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

नदीकाठच्या एका गावात पहिला अर्ज त्यांनी स्वतः भरला. तिथे एक बाई पेंढ्यावर अळंबी पिकवायच्या. लांबच लांब शेड, लोखंडी मांडण्यांवर ओल्या पेंढ्याचे गठ्ठे, हाताखाली अकरा बायका. बाईंनी बादली पालथी घालून भाऊजींना तिच्यावर बसवलं आणि सालभराच्या भाऱ्यांची वही पुढे ठेवली. म्हणाल्या, विचारून तर सगळेच जातात, तुम्ही निदान लिहून घ्या. भाऊजींनी भारा न् भारा लिहून घेतला. पुढे आणखी तीन अर्ज आले आणि अर्ज भरणाऱ्या माणसांची दुसऱ्या कामावर बदली झाली. चार अर्ज फायलीत पडून राहिले. नियमाप्रमाणे रकाना कोरा.

मॉडेलला कोरा रकाना कळत नाही. त्याने तो शून्य धरला आणि हूं की चूं केलं नाही. भाऊजींना हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही, पण पन्नास गावांच्या तक्त्यात ते निसटलं. नकाशात नदीकाठ गर्द हिरवा उमटला, म्हणजे सगळ्यांत जास्त शिल्लक तिथे. त्या हिरव्या ठिपक्यावर पेंढ्यापासून इंधन करणारा मोठा कारखाना काढायचं ठरत आलं. अहवालावर भाऊजींची सही होती.

शेवटच्या बैठकीला तीन दिवस उरले असताना, नकाशावर गावांची नावं टाकता टाकता त्यांच्या हे लक्षात आलं. नाव लिहिताना पालथी बादली आठवली, म्हणाले. तसेच साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. म्हणाले, लेखी द्या, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती घालू. म्हणजे वरातीमागून घोडं. एकदा कारखाना उभा राहिला की दुरुस्ती वाचणार कोण?

बैठकीच्या सकाळी भाऊजींचा चहा तसाच निवला. मी म्हटलं, तुम्ही बैठकीत उभे राहा आणि सरळ सांगा, माझी चूक झाली, थांबा. सांगणं सोपं होतं, मला कुठे उभं राहायचं होतं?

पण ते उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले, त्या गावाचा आकडा चुकलाय, जबाबदारी माझी. कारखान्याच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खरा आकडा किती?"

"माहीत नाही. तीसपैकी चारच अर्ज आलेत."

"अंदाजे?"

बाईंच्या वहीतला आकडा भाऊजींच्या खिशात होता. तो काढून वाचला असता तर कदाचित सभा थांबली असती. पण चार अर्जांवरून गावाचा आकडा सांगायचा नाही, हे बावीस वर्षं ते हाताखालच्या पोरांना शिकवत आलेले. म्हणाले, अंदाज सांगता येणार नाही.

"म्हणजे शून्याच्या आसपासही असू शकेल?"

भाऊजींनी विचार केला. त्या माणसाला वाटलं असेल, हे शब्द शोधताहेत. ते मनात गणित करत होते, आणि चारच अर्ज म्हटल्यावर हेही नाकारता येत नव्हतं.

"असू शकेल," ते म्हणाले.

कारखान्याला मंजुरी मिळाली.

हे कळल्यावर माझा नवरा सख्ख्या भावावर असा उखडला की मीच मधे पडले. लोक बोलून बोलून माती सोन्याच्या भावाने खपवतात आणि हा शहाणा सोनं खिशात ठेवून परत येतो, खोटं बोल कोण म्हणत होतं, निदान शेवटी गप्प बसायचं. मलाही भाऊजींचा राग आला होता आणि तो दाखवायची सोयही नव्हती.

कारखाना सुरू झाला. कुणी कुणाला लुबाडलं नाही. यंत्रं शेतात यायची, पेंढ्याच्या गुंडाळ्या करून न्यायची, शेतवाले खूश, रान आयतं मोकळं होत होतं. अळंबीच्या शेडला मात्र दुप्पट देऊनही पेंढा मिळेना.

इकडे भाऊजींनी रविवारची बस धरली. उरलेले अर्ज स्वतः भरायचे, तीस पुरे करायचे आणि मग कुणाला बोलायला जागा ठेवायची नाही, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. साहेबांनी सांगूनच ठेवलं होतं, तीस अर्ज आणा, मी वर पाठवतो, कारखान्याला माल कमी उचलायला लावू. भाऊजी पावसाच्या रविवारीही गेले. वही कुणाकडे नसायची, एकेका घरी तीन-तीन खेपा व्हायच्या, एकट्याने दीड वर्ष लागलं. तोवर पहिले चार अर्ज दोन वर्षांपेक्षा जुने झाले, म्हणजे नियमाने बाद. तेही नव्याने भरणं आलं. बाईंकडे ते अगदी शेवटी गेले. माझ्या मते जाववत नव्हतं.

शेड उघडीच होती. मांडण्या रिकाम्या, जमीन कोरडी. अकरातल्या सात जणी कारखान्याच्या फाटकावर रोज उभ्या राहायच्या, काम दिलं तर मिळायचं. बाईंनी भाऊजींना बसायला खुर्ची आणली, पाणी दिलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाऊजी मला म्हणाले. कोरा रकाना शून्य कसा धरला गेला ते सांगून त्यांनी अर्ज पुढे केला. सालात किती पेंढा वापरता, हा प्रश्न बाईंनी वाचला आणि कागद परत दिला.

"लिहा शून्य. आता खोटं नाही ते."

त्यांनी लिहिलं. इतर गावकऱ्यांचेही आकडे तसेच होते, शून्य नाहीतर एखाददुसरा भारा. तीस अर्ज पुरे झाले, रकाना भरला, मॉडेल पुन्हा चाललं. शिल्लक जवळजवळ होती तेवढीच आली, नकाशा तितकाच हिरवा. साहेब मुद्दाम उठून त्यांच्या टेबलापाशी आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, उगाच जिवाला घोर लावून घेतलात, तुमचं मॉडेल पहिल्यापासून बरोबर होतं.

हे सगळं भाऊजींनी मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, पिशवी खांद्यावरच होती. मी विचारलं, मग तुम्ही साहेबांना काय म्हणालात?

"काय म्हणणार, वहिनी? आकडा बरोबर आहे."