पूर्वेकडचा बाण
जुन्या फायलीत केळव्याच्या घराचा पहिला नकाशा सापडला. त्यावर पूर्वेकडे पेन्सिलीने काढून खोडलेला एक बाण होता. पंख्याशिवाय राहता येईल असं घर बांधायचं होतं, म्हणून आर्किटेक्टबाईंनी आमच्या सुपारीच्या वाडीत उभं राहून वडिलांना विचारलं, मे महिन्यात दुपारचा वारा कुठून येतो? "वारा आमच्या वळखीचा हाय," म्हणत त्यांनी पूर्वेला हात केला. त्यांचं विसरणं तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. बाईंनी बाण काढला. "बाबा, समुद्र तुमच्या पाठीमागे आहे," मी सर्वांसमोर चूक दुरुस्त केली. त्यांनी हात खाली घेतला. "मंग तूच सांग त्यांना." घर थंड झालं, मे महिन्यातही पंखा लागत नाही. वडील त्यात दोन वर्षं राहिले आणि प्रत्येक खिडकी उघडण्याआधी मला विचारत राहिले, "ही उघडू का रे?"