हातगुणाची गाडी

चालू इंजिनावर माझ्या थोरल्या साडूंइतका जीव लावणारा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. उमरखेड ते ढाणकी या रस्त्यावर त्यांनी उभी हयात काळीपिवळी जीप चालवली, आणि त्या जीपला बॅटरी होती की नव्हती याबद्दल आमच्या नात्यात आजही दोन मतं आहेत. एवढं मात्र खरं की सकाळी घरापुढच्या उतारावरून सुरू झालेली ती जीप संध्याकाळी पुन्हा घरी येईपर्यंत बंद होत नसे. साडू तिच्यात बसून जेवत, तिच्यातच दाढी करून घेत, आणि एकदा तर धडधडणाऱ्या जीपमध्ये बसून त्यांनी स्वतःच्या सख्ख्या चुलत्याच्या अंत्यविधीला हजेरी लावली होती. लोक नावं ठेवायला लागले तेव्हा ते म्हणाले, की काका तर गेलेच, आता गाडीही घालवू काय?

लोक प्लॉट घेताना दिशा पाहतात, पाणी पाहतात, शेजार पाहतात. साडूंनी फक्त उतार पाहिला. खिशातली सुपारी काढून त्यांनी जमिनीवर ठेवली, ती घरंगळत नालीपर्यंत गेली, आणि तिथल्या तिथे त्यांनी व्यवहार पक्का केला. मुलीसाठी स्थळं पाहतानाही सुपारी खिशात असायचीच. एक फार चांगलं स्थळ केवळ अंगण सपाट निघाल्यामुळे मोडता मोडता वाचलं, तेही मुलाच्या आजोबांनी मागच्या बाजूचा उतार दाखवला म्हणून. माझं यवतमाळचं घर दुर्दैवानं अगदी सपाटीवर आहे. वास्तुशांतीला साडू आले, घराभोवती दोन-चार चकरा मारल्या, दर चकरीला खिडकीतून थोडं थोडं बोलले, शेवटच्या चकरीला आहेर माझ्या हातात दिला आणि तसेच परत गेले. जेवणाचा डबा आम्हाला पळत जाऊन द्यावा लागला.

काळीपिवळीत किती माणसं बसत हे कुणीच सांगू शकणार नाही, कारण वळून मोजण्याइतकी जागा आत नसे. स्वतः साडू निम्मे आत आणि निम्मे बाहेर असे बसायचे, म्हणजे त्यांच्या डाव्या मांडीशी आणखी एक सवारी मावायची. ही सवय अंगात इतकी मुरली की ते घरी पाटावर बसले तरी एका कडेला बसतात. आणि अशा या जीपमध्ये ज्या एका व्यक्तीला कधीही जागा मिळाली नाही ती म्हणजे माझी आकडसासू, त्यांची बायको. आम्ही तिला ताई म्हणतो. ताईचं माहेर ढाणकीचं. नवऱ्याची जीप रोज तिच्या भावाच्या दारावरून जायची, पण तिला माहेरी जायचं असेल तर ती एसटीनं जायची. सुरुवातीला एक-दोनदा ती जीपमध्ये बसली होती म्हणतात. उमरखेडच्या चौकात बसली आणि वेशीवर तिला उतरवलं गेलं, कारण तिथे पैसे देणारी सवारी उभी होती. साडूंचा तो धर्मच होता. घरच्या माणसानं सीट अडवली तर धंदा कसा व्हायचा? ताईनंही कधी भांडण केलं नाही. पुढे पुढे कुणी विचारलं तर तीच सांगायची की यांची एक सवारी कमी होते, मी कशाला बसू.

जीप शेवटी भंगारात गेली. साडू चार दिवस नीट जेवले नाहीत. त्यांची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला बापाचं हे बघवलं नाही आणि तिनं एक नवीकोरी गाडी आणून दारात उभी केली. जाता जाता तिनं गाडीतल्या सोयी समजावून सांगितल्या, पण साडू त्या वेळी चाकाला नारळ फोडण्यात आणि मुख्य म्हणजे गाडी उताराकडे तोंड करून लावण्यात गुंतले होते. पुढचा महिनाभर ते मोठ्या ऐटीत ती गाडी चालवत होते, अर्थात त्यांच्या पद्धतीनं. निघण्यापूर्वी चौकात "ढाणकी, ढाणकी" अशी हाक द्यायची, पाचही सीट भरल्याशिवाय हलायचं नाही, आणि एकदा हललं की मुक्कामापर्यंत थांबायचं नाही.

तेव्हा यवतमाळला आमच्या एका भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. साडू, ताई आणि साडूंच्या एक भारदस्त मावशी उमरखेडहून आले, माझ्या घराभोवती फिरत्या गाडीत मी आणि माझी बायको चढलो, आणि बसस्टँडजवळच्या सिग्नलला लाल दिवा लागला. पुढे ट्रक, मागे ट्रॅक्टर. साडूंना नव्या गाडीत प्रथमच पुरतं थांबावं लागलं. क्लच घासू नये म्हणून त्यांनी गिअर काढला, क्लचवरचा पाय उचलला, आणि इंजिन गप्प झालं. गाडीत इतकी शांतता पसरली की मावशींच्या तोंडातलं पान ऐकू यायला लागलं. साडूंचा चेहरा पांढरा पडला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मेली. उतरा सारे."

काळीपिवळीच्या रस्त्यावर जन्म गेलेल्या माणसांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. ताई उतरली, माझी बायको जरीचं पातळ खोचून उतरली, मावशींनी पानाचा डबा बोनेटवर ठेवला, आणि आम्ही सगळ्यांनी नव्याकोऱ्या गाडीला धक्का मारायला हात लावले. हात लागतात न लागतात तोच साडूंनी दुसरा गिअर टाकण्यासाठी क्लच दाबला आणि गाडी सुरू झाली. आता काळीपिवळीचा दुसरा नियम असा, की धक्क्यानं सुरू झालेली गाडी थांबवायची नसते, धक्का देणाऱ्यानं पळत येऊन चढायचं असतं. दिवा हिरवा झाला, साडू निघाले, आणि आम्ही दत्त चौकाच्या दिशेनं भर दुपारी साक्षगंधाच्या कपड्यात त्यांच्या मागे पळत सुटलो. मावशींनी ऑटो केला आणि त्या आमच्याआधी हॉलवर पोचल्या. पानाचा डबा मात्र बोनेटवरच फिरत होता, तो हॉलसमोरच्या तिसऱ्या की चौथ्या चकरीला माझ्या हाती लागला.

दुसरा कुणी असता तर त्यानं गाडी दुरुस्तीला नेली असती. साडूंनी तिचा अभ्यास सुरू केला. नव्या गाडीला जोर लागत नाही, नुसता हात पुरतो, हा त्यांचा पहिला शोध. कोणाचाही हात चालत नाही, हा दुसरा. ढाणकीच्या बाजारात म्हशी आडव्या आल्या आणि इंजिन थांबलं, तेव्हा मी उतरून हात लावला. साडू आपले मान वळवून मी हात बरोबर जागी लावला की नाही ते पाहत बसले, गिअरला हातच घातला नाही, आणि गाडी ढिम्म. मग ताई उतरली. ताईकडे त्यांना पाहावं लागत नाही, संसारात ती कुठे हात लावेल याची त्यांना खात्री असते. त्यांनी समोर पाहून क्लच दाबला आणि गाडी सुरू झाली. "साडभाऊ," ते मला म्हणाले, "वाईट नका वाटू देऊ, पण तुमच्या हाताले गुण नाई."

झालं. ताईच्या हाताला गुण आहे ही बातमी उमरखेडपासून ढाणकीपर्यंत पसरली. ज्या बाईला उभ्या जन्मात काळीपिवळीत जागा मिळाली नव्हती ती आता पुढच्या सीटची कायमची मालकीण झाली. सोयाबीन विकायला जायचं, ताई हवी. न्हाव्याकडे जायचं, ताई हवी. साडूंच्या मित्रमंडळाची म्हाताऱ्यांची सहल निघाली तर बाराबंद्या आणि टोप्या घातलेल्या त्या बुवांमध्ये ताई एकटी बाई होती. दर मंगळवारी ढाणकीचा बाजार आणि भावाच्या घरचा चहा ठरून गेला. ताईनं दोन नवी पातळं घेतली, उन्हाचा काळा चष्मा घेतला, आणि फाट्यावरच्या भज्यांवर ती माझ्याशी अधिकारानं बोलायला लागली. कुठे म्हशी आल्या, बकऱ्या आल्या, रस्त्याचं काम निघालं, की ताई शांतपणे उतरे, डिकीवर तळहात टेकवी, गाडी सुरू होई आणि ती परत येऊन बसे. एकदा तर एकाचा बंद पडलेला मोटरपंप घेऊन लोक तिच्या दारात आले होते.

मला हे कोडं उलगडलं ते अगदी सहज. साडूंच्या मुलीचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला होता, बोलता बोलता मी हातगुणाचं सांगितलं, आणि ती पलीकडे इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग तिनं समजावलं. गाडी उभी असताना गिअर काढून क्लचवरचा पाय उचलला की इंजिन आपण होऊन बंद पडतं, आणि क्लच दाबला की आपण होऊन सुरू होतं. उभ्या गाडीत पेट्रोल जळू नये म्हणून केलेली ती सोय आहे. नको असेल तर बटन दाबून बंदही ठेवता येते, दिवाळीला आले की बाबांना दाखवीन, असं ती म्हणाली.

मी पडलो मुळातच समजावून सांगण्याची खोड असलेला माणूस. दुसऱ्याच रविवारी उमरखेडला पोचलो. साडू ओट्यावर होते, मी आधी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि उत्साहाच्या भरात ताईलाच सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"मले ठाऊक हाय, जवाईबुवा," ती म्हणाली. "एक डाव माहा पदर दारात अटकला, अन् म्या हात लावाच्या आधीच गाडी सुरू झाली."

मी विचारलं, मग त्यांना सांगितलं का नाही? तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"ह्याईले समजलं तं उद्यापासून मी घरीच," ती म्हणाली. "तुमी काई बोलू नका. अन् पोरीलेबी सांगून ठेवजा."

माझं पाणी हातातच राहिलं. इतकी वर्षं या बाईनं एका शब्दानं कधी काही मागितलं नव्हतं, आणि आज मागितलं ते एवढंच, की मी गप्प राहावं. मी ओट्यावर आलो आणि साडूंशी सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो. मुलीला फोन करून बटनाचं नाव काढायचं नाही असं बजावलं. ती या वेळी हसली नाही, "बरं मावसाजी" एवढंच म्हणाली.

पण मला घोर लागला तो लागलाच. बटन आज ना उद्या कुणीतरी दाखवणार, मग ताईचा मंगळवार संपला. त्यात ताईचे गुडघे दुखायला लागले. बकऱ्यांचा कळप दिसला की ती दार धरून, ओठ दाबून उतरायची, डिकीपर्यंत जायची आणि तशीच परत यायची. बसून राहिली असती तर सगळंच उघडं पडलं असतं.

मागच्या पोळ्यानंतर ढाणकीला तिच्या भावाच्या नातीचं बारसं होतं. ताई दोन दिवस तिथेच राहणार होती. मला उमरखेडला बस गाठायची होती, तेव्हा साडू म्हणाले की मी सोडतो. वाटेत एका पुलाचं काम चालू होतं, एका बाजूची वाहतूक सोडत होते, आणि आम्ही थांबलो. इंजिन बंद पडलं. सवयीनं मी दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला.

"बसा, साडभाऊ," ते म्हणाले. "कायले उतरता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. समोरची वाहनं हलली तशी त्यांनी क्लच दाबला, गाडी सुरू झाली आणि आम्ही निघालो. पूल मागे पडला. मग मी विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

"सारी जिंदगी क्लचवर पाय ठेवून काढली," ते रस्त्याकडे पाहत म्हणाले. "डोक्याले उशिरा समजते, पायाले तं लगेच समजते. त्या म्हशींच्या बाजारातच समजलं."

"मग ताईला?"

निम्मे सीटवर आणि निम्मे दाराशी असे ते बसले होते, आणि त्यांच्या डाव्या बाजूला मोकळी राहिलेली ती वितभर जागा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

"तिले चाल फिराले म्हणून पाह्यलं म्या," ते म्हणाले. "मले काम हाय म्हणते. तुमची एक सवारी कमी होईन म्हणते. आता कोनती सवारी हाय मायापाशी? पण तुह्याबिगर गाडी चालत नाई म्हणलं, का लगेच पातळ बदलून येते."

मी ताईचं त्यांना सांगितलं नाही. त्यांचं ताईला सांगितलं नाही. समजावून सांगण्याची माझी खोड जन्मात पहिल्यांदा उपयोगी पडली नाही, आणि मला त्याचं मुळीच दुःख झालं नाही.

परवाच्या मंगळवारी आम्ही तिघं ढाणकीला निघालो होतो. मी मागे, ताई काळा चष्मा लावून पुढे. फाट्याच्या अलीकडे मेंढ्या आडव्या आल्या आणि इंजिन थांबलं. ताईनं दाराच्या कडीला हात घातला, तेव्हा साडू समोर पाहतच म्हणाले, "राहू दे. आतूनच लाव. आता आतूनबी चालते."

ताई क्षणभर थांबली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, ते मेंढ्यांकडे पाहत होते. मग तिनं समोरच्या काचेखाली आपला तळहात अलगद टेकवला आणि गाडी सुरू झाली. मेंढ्या कधीच निघून गेल्या होत्या, मागून कुणीतरी हॉर्नही वाजवला, पण तिनं हात लवकर काढला नाही, आणि तिनं काढावा असं साडूही म्हणाले नाहीत. मागे बसून मला फार बरं वाटलं. आणि ती काळीपिवळी आठवून, जिच्यामुळे या दोघांचं अख्खं तरुणपण वेगवेगळ्या गाड्यांनी ढाणकीला गेलं, थोडं वाईटही वाटलं.