पाय लागल्यावर

पोरींनी पायजमा घालून एकमेकींना आपटावं, हे आमच्या आंधळगावात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तालुक्याच्या गावी, मोहाडीच्या आमच्या शाळेत खेळाचे नवे सर आले. ते नागपुरात ज्युदो शिकलेले. "कोण शिकणार?" असं त्यांनी वर्गात विचारलं, तेव्हा त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर होता. ज्युदो खायचा असतो की प्यायचा, हे मला ठाऊक नव्हतं.

शाळेनं जुन्या बाकांची खोली रिकामी करून दिली. पोत्यांत धानाचं तणस कोंबून, वरून ताडपत्री ताणून सरांनी गादी केली. कोणी पडलं की धूळ उडायची आणि सगळ्या शिंकत सुटायच्या. मोहाडीच्या शिंप्यानं जाड मादरपाटाचा पोशाख शिवला, तो आठवडाभरात तणसाच्या वासानं असा भरला की घरी आले की गाय माझी बाही चाटायची. पण काय मजा होती! समोरचीची कॉलर आपल्या मुठीत, एक गिरकी, आणि ती आपल्या पाठीवरून पलीकडे! पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी शाळेपासून एसटीच्या थांब्यापर्यंत धावत गेले. गाडीला अजून वेळ होता, तरी धावले.

सगळं छान चाललं होतं, आणि मग सरांनी पायाचा डाव शिकवायला घेतला. समोरची पाऊल टाकत असतानाच आपल्या तळव्यानं तिचा पाय उडवायचा. सोपा डाव. पण आमच्याकडे कोणाला चुकून पाय लागला की वाकून त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला लावायचा, हे चालायला लागल्यापासून अंगात भिनलेलं. माणूस असो, पुस्तक असो, सूप असो, खळ्यावरची धानाची रास असो. त्यामुळे माझा पाय जोडीदारणीला लागला रे लागला की माझा हात तिची कॉलर सोडून खाली जायचा. जोडीदारीण आमच्याच गावच्या विणकराची मुलगी, तिचंही तेच. आम्ही दोघी आळीपाळीनं लाथा मारत होतो आणि आळीपाळीनं नमस्कार करत होतो. सर डोक्याला हात लावून बसले. "अरे, हा खेळ आहे का हळदीकुंकू?"

हसण्यावारी न्यावं असं ते राहिलं नाही. विभागाच्या स्पर्धेत मी अंतिम लढतीपर्यंत गेले. समोर नागपूरची उंच मुलगी होती. माझा पाय बसला, ती तिरकी झाली, पडणारच होती, आणि माझा हात नमस्काराला निघाला. तेवढ्यात ती सावरली आणि तिनं मला उताणं पाडलं. खाली पडल्यावरही मी तिच्या पायाला हात लावला, म्हणजे बघा! मला इतका राग आला होता स्वतःचा की परतीच्या गाडीत मी तो हात मांडीखाली दाबून बसले.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, यंदा एक तरी मुलगी पुण्याला राज्यस्पर्धेत गेली पाहिजे, नाहीतर खोलीत परत बाकं ठेवू आणि तणस गुरांना घालू. विभागातून प्रत्येक वजनगटात एकच जाणार. आमच्यात जिंकण्याजोग्या दोघीच, त्यातल्या जोडीदारणीचा हात मोडला होता. उरले मी.

सर थेट आमच्या घरी आले. आई अंगणात तांदूळ निवडत होती. "काकू, तुम्हीच सांगा हिले. पाय लागला तर लागू दे म्हणा."

आईनं सूप बाजूला ठेवलं. "गुरुजी, पाय लागल्यावर पाया नको पडू, असं मी कशी सांगू? मीच तं शिकवलं तिले."

"मग खेळ बंद होते काकू."

आईनं हात पदराला पुसले. मग माझ्याकडे वळली. "आयक. तू हात सोडू नको. तुह्या पायानं जिले लागन, तिच्या पाया मी पडीन. आता तुले कायची फिकर हाये?"

सर हसले, मीही हसले. आई हसली नाही. नागपूरला विभागाच्या स्पर्धेच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून माझ्यासोबत गाडीत बसली. घराबाहेर अशी ती लग्नकार्यालाच निघायची.

अंतिम लढतीला पुन्हा तीच उंच मुलगी! आणि ती लबाड माझी खोड विसरली नव्हती. मुद्दाम पाऊल पुढे टाकायची, माझ्या पायापाशी आणून ठेवायची आणि माझ्या हाताकडे बघायची. वर दोनदा माझ्याच पायावर पाय देऊन गेली, नमस्कार तर सोडाच, डोळ्याची पापणीही हलली नाही तिची. माझं टाळकंच सरकलं. तरी पाय उचलायला धीर होईना. तिनं एक छोटा गुणही घेतला. सर कडेला उभे राहून घसा फोडत होते. वेळ संपत आली होती.

तिनं पुन्हा पाऊल पुढे टाकलं. या वेळी मी ते उडवलं. तळव्याला तिचा घोटा लागला, हाताला मुंग्या आल्या, बोटं सुटायला बघत होती. "सोडू नको!" ही माझीच ओरड होती, भर लढतीत, माझ्याच हाताला. कॉलर मी गच्च धरून ठेवली आणि ती अख्खी पाठीवर आदळली. धाडकन! पंचांचा हात सरळ वर गेला. पूर्ण गुण, लढत खलास! सर "पुणे! पुणे!" करत नाचायला लागले, आणि मी, काय सांगू, हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

आम्ही दोघींनी खेळाच्या रीतीप्रमाणे एकमेकींना वाकून नमस्कार केला आणि गादीवरून उतरलो. आईला शोधलं तर ती जागेवर नव्हती. गर्दीतून वाट काढत ती माझ्याकडे नाही, त्या मुलीकडे गेली होती. कोपऱ्यात ती मुलगी रडत बसली होती. आईनं वाकून तिच्या घोट्याला हात लावला आणि तो आपल्या कपाळाला लावला.

"माह्या पोरीचा पाय लागला बाई तुले."

ती मुलगी रडायचं विसरून आईकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, मीबी दोनदा दिला तिच्या पायावर पाय."

"मी पाह्यलं," आई म्हणाली. "ते तुमचं तुमी पाहून घ्या."

ती मुलगी उठली, माझ्यापाशी आली आणि माझ्या पायाला हात लावून गेली.  आई पदरानं माझा घाम पुसायला लागली. लढतभर तिनं आमच्या चार पायांवरून नजर हलवली नव्हती; पंचांचा हात कोणासाठी वर गेला, ते तिनं पाहिलंच नव्हतं.

"आता सांग," ती म्हणाली, "जिंकलं कोन?"