सतरंजीमागची जागा

ज्या गुडघ्याला डॉक्टरांनी वाकायची मनाई केली आहे, तो गुडघा तुम्ही देवासमोर वाकवाल का? नाही म्हणायची घाई करू नका. मी डॉक्टरांचं ऐकणारी, शिकलेली बाई, आणि तरी वाकवायला निघाले होते.

माझा उजवा पाय लहानपणी मोडला आणि वाकडा जुळला. सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर पडून तिथली कूर्चा, म्हणजे दोन हाडांमधली गादी, तिशीच्या आतच झिजली. मी देवळीच्या आसपासच्या गावांत पायी फिरून पत्रकं वाटते. हुंड्याविरुद्धची, मजुरीच्या हक्काची. चालणं गेलं असतं तर माझं सगळंच गेलं असतं. दोन हजार आठच्या सुमारास नागपूरच्या एका डॉक्टरांनी नडगीच्या हाडाला चीर देऊन, आत धातूची पट्टी बसवून पाय सरळ केला. पुढे कमरेच्या हाडातली मज्जा काढून तिच्यातल्या मूळपेशी, ज्यांना ते स्टेम सेल म्हणत, सुईने गुडघ्यात सोडल्या. झिजलेली गादी भरून यायला त्यांची मदत व्हावी, एवढी आशा. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, "हे नवीन आहे, खात्री देत नाही. मी सांगेपर्यंत मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. तेवढंच तुमच्या हातात आहे."

मी देव मानते, पण त्याच्याकडे मागणं मला कधी पटलं नाही. सुई आत जाताना मात्र मागितलं. उत्तर काही आलं नाही. घरी पडून राहिले तेव्हा प्रार्थनेचे शब्द ओठांवर यायचे आणि कोरडेच परत जायचे.

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. लहान-मोठे सगळे एकाच सतरंजीवर मांडी घालून बसतात. कोणी कोणापेक्षा उंच बसत नाही. मध्यंतरी पुढाऱ्यांसाठी पुढे खुर्च्या मांडायला लागले, तेव्हा मीच पत्रक काढून त्या हटवायला लावल्या होत्या. ते पत्रक मला आजही बरोबर वाटतं. म्हणून कुबडी घेऊन पहिल्यांदा प्रार्थनेला निघाले तेव्हा बाबा हसत म्हणाले, "खुर्ची तूच हटवली. आता बस उभ्यानं."

"हसून काय राह्यले?" आई त्यांच्यावर डाफरली. पण मी निघाले.

प्रार्थना चालवणाऱ्या मंडळाच्या काकांनी मला पाहताच आतून खुर्ची आणली. "बस वो बाई. तुयासाठी थोडीच हाय तो कायदा." मी मानेनंच नको म्हटलं. सगळे बसले. उभी राहिले तर साऱ्या सभेत मीच उंच. एकदाच, हळूच बसलं तर काय होईल, असं मनाला समजावत मी गुडघा वाकू नये म्हणून बांधलेला पट्टा सोडायला वाकले.

तेवढ्यात माझ्या मनगटावर एक हात पडला. "काऊन वो माय, पट्टा काऊन सोडून राह्यली?"

एक अनोळखी म्हातारी होती, काखेत पिशवी. तळेगावकडची पाहुणी, बसला वेळ होता म्हणून टेकायला आली होती.

"खाली बसायचं आहे," मी पुटपुटले.

"डॉक्टरनं सांगतलं?"

"नाही."

"मंग कोणं सांगतलं, देवानं? मले तं त्यानं कधी नाई सांगतलं." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "मले बी नाई बसता येत. गुडघे गेले माये. चाल, मांगं दोघी उभ्या राहू. एकटी उभी राह्यली का लोक पाह्यतात. दोघी राह्यल्या का त्याची रांग होते."

आम्ही सतरंजीच्या मागे उभ्या राहिलो. तिनं माझा हात आपल्या खांद्यावर ओढून घेतला आणि प्रार्थना संपेपर्यंत तो भार हलू दिला नाही. प्रार्थनेतल्या मौनात मी काही मागितलं नाही. बऱ्याच दिवसांनी शब्द ओले वाटले.

परतताना बस थांब्यापाशी ती पुन्हा दिसली. कडुनिंबाखाली छान उकिडवी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. बस आली तशी कशाचाही आधार न घेता उठली, पिशवी उचलली. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा जराही ओशाळली नाही. "सांभाळून जाजो," म्हणाली आणि बसमध्ये चढली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

पुढच्या तपासणीत गादी भरत असल्याचं दिसलं. आज मी चालते. पाय सरळ झाल्यामुळे की त्या पेशींमुळे, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, मीही सांगत नाही. माझ्या हातात होतं तेवढं मी सोडून द्यायला निघाले होते आणि कोणीतरी मनगट धरलं, इतकं मला ठाऊक आहे. शरण जाणं म्हणजे गुडघे टेकणं, असं मी समजत आले होते. त्या संध्याकाळी दुसरीच्या खांद्यावर भार टाकताना मला ते पहिल्यांदा जमलं.

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी प्रार्थनेला बसाल तेव्हा मागे वळून पाहा. कोणी एकटं उभं असेल तर खुर्ची शोधायला धावू नका. उठा, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. त्यानं विचारलंच तर सांगा, मले बी नाई बसता येत.